तांब्याचं नाक

आयुना, पहाटेचे चार वाजलेत
आणि तू मला फोनवर विचारतेस, कोणता फ्लक्स निवडू.
बाहेर उणे बत्तीस. ओबच्या जलाशयावरचा बर्फ
मधूनच कडाडतो, इथवर ऐकू येतो.
थांब, चष्मा सापडू दे. किटली ठेवते.
हं, बोल.

मॅक सहा. बोथट नाक. पुढ्यात धनुष्यासारखा शॉक.
जाळी तू नेटकी विणलीस, शॉकला अगदी समांतर,
आणि नेमकी मधोमध, अक्षावर,
उठली आहे काळपुळी.
शॉकला फुगवून, टोक काढून बसलेली.
हसू नकोस, तिला सगळे हेच म्हणतात.
मी सतरा पाहिल्या, सगळ्या मोठ्या परीक्षणाच्या आदल्या रात्री.

बघ, प्रत्येक खण शेजारच्याला एवढंच विचारतो:
तुझ्याकडून माझ्याकडे किती आलं?
वस्तुमान किती, संवेग किती, ऊर्जा किती.
एकाचा खर्च तोच दुसऱ्याची जमा,
मध्ये कुणी खायचं नाही, एवढाच कायदा.
पण भिंतीच्या या अंगाला थंड, विरळ,
स्वतःच्या आवाजाला मागे टाकून धावणारी हवा
आणि त्या अंगाला तीच हवा
दाबलेली, तापलेली, दमलेली,
तर ज्या भिंतीला जाडीच नाही
तिच्यावर खरं काय धरायचं?
भांडण सगळं इथलं. चाळीस वर्षं इथलंच.

एक पद्धत प्रत्येक लहर वेगळी ओळखते:
ही पुढे निघाली, ही मागे, ही नुसती वाहत आली.
नजर तिखट, स्वभाव त्याहून.
बिनसलं की घनता उणे,
आणि पडद्यावर आकड्यांच्या जागी भलतंच काही.
दुसरी म्हणते, सगळ्यात वेगात कोण तेवढं सांगा,
बाकीचं मी सारवून घेते.
आणि घेते. कोसळत नाही. तिच्या भरवशावर झोप लागते.
मला ती फार आवडायची.

शहाऐंशी साली मी तिच्यावर एक तक्ता काढला,
नाकावरची उष्णता, बिंदूगणिक.
किती गुळगुळीत वक्र! चौकटीत लावण्यासारखा.
खाली सही: रिम्मा ल्वोव्ना.
वातबोगद्यातल्या इल्दुसनं तो हातात धरून
बराच वेळ काही म्हटलं नाही.
मग म्हणाला, "बाई, हवा इतकी सभ्य नसते."
मी चिडले. तीन आठवडे त्याच्याशी बोलले नाही.

चौथ्या आठवड्यात त्यानं माझ्या टेबलावर
तांब्याचं नाक आणून ठेवलं.
टोकाशी अंगठ्याच्या नखाएवढा तपकिरी डाग.
माझ्या तक्त्यात तिथे काहीच नव्हतं.
अंगालगतचा तो पातळ थर, जिथे हवा
धातूशी पहिल्यांदा बोलते,
माझ्या लाडक्या पद्धतीनं सारवून टाकला होता.
इल्दुस रागावलाही नाही. बिस्किटं मागून निघून गेला.

म्हणून सांगते, काळपुळीला घाबरू नकोस.
ती खोटी आहे, पण डोळ्यांत खुपते.
गुळगुळीत खोटं खुपत नाही,
त्याच्याखाली माणूस सही करतो.

आता लिहून घे. शॉकपाशी, त्याला आडव्या जाणाऱ्या भिंतींवर,
सारवणारी वापर. अंगालगत तिखट नजरेचीच ठेव.
एकीचा हात सोडून दुसरीचा कुठे धरायचा,
ते मला अजून नीट येत नाही.
दाबाच्या उडीवरून ठरवतात. मी थोडं आधी ठरवते.
का, ते विचारू नकोस.
जाळी जरा तिरकी कर. पुन्हा चालव.
उजाडलं की बोगद्याकडे जा, सावेलीला म्हणावं,
कपाटातलं तांब्याचं नाक काढून दे.
हातमोजा काढून बोट फिरव त्या डागावर.

आणि हे पहिलं चित्र पुसू नकोस,
तारीख घालून ठेव.
ऐकलंस? पुन्हा कडाडला बर्फ.
नाही, किटली आहे. ठेवते.